सफरचंदांच्या बेटावरचा गलगंड

ऑस्ट्रेलियाचा नकाशा भिंतीवर टांगला, तर त्याच्या गळ्यातून निसटून खाली पडलेल्या पदकासारखे एक बेट आग्नेय दिशेला दिसते. तेच टास्मानिया. मुख्य भूमी आणि हे बेट यांच्यामध्ये सुमारे २४० किलोमीटर रुंदीची बासची सामुद्रधुनी पसरलेली आहे, आणि ती पार करायला जिलाँगच्या धक्क्यावरून संध्याकाळी सुटणारी बोट रात्रभर घेते. मेलबर्नला मुलासुनांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईबापांना काय काय दाखवायचे याची तेथील मराठी मंडळींकडे एक ठरलेली यादी असते. तीत टास्मानियाचा क्रमांक बराच खाली लागतो, कारण तेथे जाऊन नेमके काय पाहायचे हे कोणालाच धड सांगता येत नाही. थंडी असते, डोंगर असतात, सफरचंदे असतात, एवढेच सारे सांगतात. आम्ही उभयता, चिरंजीव आणि पाच महिन्यांची गरोदर असलेली सूनबाई असे चौघेजण गेल्या डिसेंबरात तेथे गेलो, ते मुख्यतः मेलबर्नच्या उन्हाळ्याला कंटाळून.

बेटाचे आकारमान साधारण श्रीलंकेएवढे आहे, पण वस्ती साडेपाच लाखांच्या जरा वर. म्हणजे आमच्या इंदूर शहराच्या एक तृतीयांशही नव्हे. डेव्हनपोर्टला उतरून दक्षिणेकडे निघालो की मैलच्या मैल माणूस दिसत नाही, मेंढ्या तेवढ्या दिसतात. आणि मध्येच, कुंपण घातलेल्या, धोक्याच्या पाट्या लावलेल्या शेतांत फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे ताटवे लागतात. ह्यांनी गाडी थांबवायला लावली. मंदसौर-नीमचच्या वाटेने ज्याने माघात प्रवास केला आहे, त्याला ही फुले ओळखायला वेळ लागत नाही. ती अफूची होती! औषधासाठी लागणाऱ्या कायदेशीर अफूच्या लागवडीत टास्मानियाचा जगात मोठा वाटा आहे. आपल्या माळव्यात बोंडाला चीर देऊन चीक गोळा करतात. येथे वाळलेली बोंडे यंत्राने कापून कारखान्यात नेतात. घरापासून इतक्या दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, माळव्याचेच पीक पाहून मन क्षणभर हळवे झाले. या खसखशीशी पुढे आणखी एकदा गाठ पडणार होती.

राजधानी होबार्ट डर्वेंट नदीच्या मुखाशी वसली आहे. तिच्या पाठीशी १२७१ मीटर उंचीचा वेलिंग्टन पर्वत उभा आहे. मूळ रहिवाशांच्या भाषेत कुनान्यी. भर उन्हाळ्यातही माथ्यावर असा वारा की शाल पुरेना. आबेल टास्मान या डच दर्यावर्दीने १६४२ मध्ये हे बेट पाहिले आणि आपल्या वरिष्ठाच्या नावावरून त्याला व्हॅन डिमेनची भूमी म्हटले. इंग्रजांनी १८०४ मध्ये होबार्ट वसवले, आणि पुढे अर्धशतक येथे विलायतेतले कैदी आणून टाकले. १८५३ मध्ये ती वाहतूक बंद झाली आणि १८५६ मध्ये बदनाम नाव पुसून टास्मानिया हे नवे नाव आले. मूळ पालावा लोकांची त्या मधल्या काळात जी वाताहत झाली, तिचे वर्णन वस्तुसंग्रहालयात वाचताना मान खाली जाते. समुद्राशी त्यांचे नाते फार जवळचे होते. शंखशिंपले हे त्यांचे नित्याचे अन्न, आणि किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या जाड समुद्रशेवाळाचे द्रोण करून त्यांतून ते पाणी वाहून नेत. नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी समुद्राकडे पाठ केली. मेंढीचे मांस, बटाटा, लोणी आणि घरी भाजलेला पाव हा त्यांचा आहार. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण ज्या विषयावर मी येणार आहे त्याच्या दृष्टीने ती बरीच महत्त्वाची आहे.

होबार्टच्या नैर्ऋत्येस ह्युऑन नदीचे खोरे आहे. टास्मानियाला सफरचंदांचे बेट म्हणतात ते प्रामुख्याने या खोऱ्यामुळे. नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे काळसर. डोंगरावरच्या गवताचा व झाडपाल्याचा अर्क त्यात उतरतो. सफरचंदांना अजून अवकाश होता, पण चेरी पिकल्या होत्या. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या, शेजारी पैसे टाकायचा डबा, आणि विकणारे कोणीच नाही! अशाच एका वाडीवर आम्ही तीन दिवस मुक्काम केला. घरधनीण ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या बाई. सकाळी स्वतः भाजलेला पाव आणि चेरीचा मुरंबा पुढे ठेवीत आणि आम्ही खाईपर्यंत समोर बसून राहत. आमच्या आजोळच्या माईआजीची आठवण व्हावी असा तो आग्रह होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना कळले की हे डॉक्टर आहेत. आता निवृत्त झाले तरी चाळीस वर्षे इंदुरात दवाखाना चालवला. मग बाईंनी विचारले, ‘तुमच्याकडे गळ्याचा आजार असतो का हो? आमच्या लहानपणी इथे घरोघर होता.’ आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. शाळेत आठवड्यातून एकदा बाई टेबलावर बाटली ठेवीत आणि प्रत्येक मुलाच्या तळहातावर एक गोळी पडे. काही वर्गांत बाटली नियमाने निघे, काहींत ती कपाटातच राही. सुटीचे दोन महिने तर गोळीचे नावच नको. वर्षाकाठी डॉक्टर येऊन सर्वांचे गळे चाचपून पाहत. मुलींना त्याची फार लाज वाटे.

आम्हाला नवल वाटले ते याचे, की चहूकडे समुद्र असलेल्या बेटावर गलगंड व्हावाच कसा? गलगंड म्हटला की आपल्याला हिमालयाची तराई आठवते, आल्प्स पर्वत आठवतो. आयोडीनचे भांडार तर समुद्रात! बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला १८११ मध्ये हे मूलद्रव्य सापडले तेही समुद्रशेवाळाच्या राखेतच. ह्यांनी त्या रात्री कागदावर आकृती काढून आम्हाला समजावले, ते माझ्या शब्दांत सांगते.

गळ्याच्या पुढील बाजूस, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराने पंख पसरून बसावे तशी अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, असते. तिच्या रसाने शरीराचा सारा व्यवहार चालतो: हृदयाची गती, अंगाची ऊब, मुलांची वाढ, मेंदूची घडण. तो रस घडवायला आयोडीन लागते. किती? प्रौढ माणसाला दिवसाकाठी १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे साडेसहा हजारांहून अधिक भाग केले तर त्यातला एक. सत्तर वर्षांच्या आयुष्याला चार ग्रॅमही लागत नाही. चहाचा एक चमचा झाला. पण तो चमचा रोज थेंबाथेंबाने मिळावा लागतो. तो मिळाला नाही की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला सारखी टोचणी लावते: काम कर, काम कर. बिचारी ग्रंथी मिळेल तेवढे आयोडीन पकडण्यासाठी आपला पसारा वाढवत जाते. तोच गलगंड. घरात धान्य नसताना कोठार मोठे करीत जावे, असा तो प्रकार.

आता समुद्राचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. त्यातला काही अंश वाफेवाटे हवेत जाऊन पावसाबरोबर जमिनीवर येतो, पण तोच पाऊस वर्षानुवर्षे माती धुऊन ते परत समुद्रात नेतो. टास्मानियाच्या पश्चिमेस पाऊस प्रचंड, आणि हिमयुगात मधल्या पठारावरून बर्फाचे थर सरकून जुनी माती खरवडली गेली. अशा जमिनीतल्या गवतात आयोडीन नाही, म्हणून मेंढीत नाही, म्हणून माणसात नाही. येथे जन्मलेल्या कोकरांनाही गळ्याला गाठ घेऊन येण्याचा रोग होतो. समुद्र डोळ्यांना दिसतो म्हणून पोटात जातो असे नाही. मासळी वा शेवाळ खाल्ले तरच त्यातले आयोडीन मिळते. आणखी एक गोष्ट गृहिणींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या साध्या मिठातही आयोडीन जवळजवळ नसते. मीठ जमताना ते मागच्या पाण्यात राहते वा उडून जाते. ‘आमचे मिठागराचे मीठ, त्यात असणारच’ असे मी स्वतः अनेकींच्या तोंडून ऐकले आहे.

गलगंड म्हटला की मला माझी गोरखपूरची मावशी आठवते. काका रेल्वेत होते. लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी ती इंदूरला माहेरपणाला आली तेव्हा तिच्या गळ्यात ठुशी नव्हती. आजीने विचारले, तर म्हणाली, ‘दोरा बसत नाही गं आता.’ त्या उन्हाळ्यात मी तिला कधी मोकळ्या गळ्याने पाहिले नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती गळ्याशी धरून ठेवी. गोरखपूर म्हणजे तराईचा गलगंडाचा पट्टा, हे मला नंतर कळले. तिकडे कोणी कोणाला हसत नसे, कारण शेजारणीचाही गळा तसाच असे. लाज वाटायची ती माहेरी.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात जो प्रयोग केला, तो याच सुमाराचा. खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ पुरवले. पहिल्या भागांतला गलगंड स्पष्टपणे उतरला, दुसऱ्यात उतरला नाही. पुढे त्या भागालाही तेच मीठ देण्यात आले. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कांगड्याची कथा अशी सरळ आहे. टास्मानियाची तशी नाही, आणि म्हणूनच ती मला अधिक बोधक वाटली.

ती शाळेतली गोळी म्हणजे दहा मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. १९४९ च्या पाहणीत बेटावरील मुलांत गलगंड सर्रास आढळला, आणि १९५० पासून सिडनीचे डॉ. एफ. डब्ल्यू. क्लेमंट्स यांच्या सल्ल्याने साप्ताहिक गोळ्या सुरू झाल्या. काही वर्षांनी पुन्हा गळे तपासले तेव्हा अपेक्षेप्रमाणे गलगंड घटलेला नव्हता; काही ठिकाणी तर तो वाढलेला, आणि तोही ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारा! संशय आला तो दुधावर. १९५० च्या कायद्यान्वये ऑस्ट्रेलियाभर शाळकरी मुलांना फुकट दूध मिळू लागले होते. आमच्या घरधनीण बाईंना ते चांगले आठवत होते. छोट्या बाटल्या सकाळपासून उन्हात पडलेल्या असत, आणि मधल्या सुटीपर्यंत कोमट झालेले ते दूध नाक दाबून प्यावे लागे. दुधाचा खप वाढला, तसा गाईंचा चाराही वाढवला गेला. त्यासाठी शेतकऱ्यांनी शू मोलिए नावाचा, कोबीच्याच कुळातला, जाड दांड्याचा उंच चारा लावला.

कोबीचे आणि गळ्याचे नाते त्यापूर्वीच उघडकीस आले होते. १९२८ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे चेस्नी आणि त्यांचे सहकारी सशांवर भलताच प्रयोग करीत होते. सशांना मुख्यतः कोबी खायला घालत, आणि पाहतात तो त्यांचे गळे सुजलेले! पुढे १९४९ मध्ये अ‍ॅस्टवुड यांनी पिवळ्या सलगमातून थायरॉइडचे काम अडवणारा पदार्थ वेगळा काढून दाखवला. तेव्हा क्लेमंट्स यांनी तर्क केला, की गाय चारा खाते, चाऱ्यातले द्रव्य दुधात उतरते, दूध मूल पिते, आणि गोळीचा गुण मारला जातो. तर्क मोठा देखणा होता. परंतु फिनलंडमध्ये नोबेल पारितोषिक विजेते विर्तानेन यांनी दुधात ते द्रव्य मोजून पाहिले, आणि ते इतके अल्प भरले की तेवढ्याने मुलाचा गळा सुजावा हे पटेना. वाद बरीच वर्षे चालला. ह्यांचे मत असे, की कपाटात राहिलेल्या बाटल्यांनी कोबीपेक्षा अधिक घात केला असावा. डॉक्टरांना औषध चुकले यापेक्षा औषध घेतले नाही हे लवकर पटते, असे मी म्हटले. त्यावर हे नुसते हसले.

अखेर सरकारने गोळ्यांचा नाद सोडला. मूल शाळा चुकवील, पण पाव कोण चुकवतो? १९६६ च्या एप्रिलपासून बेटावरील पावात अत्यल्प प्रमाणात पोटॅशियम आयोडेट घालण्यास सुरुवात झाली. आणि मग कोणालाही न सुचलेली गोष्ट घडली.

बाईंनी ती त्यांच्या आईच्या निमित्ताने सांगितली. १९६७ साली आई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. गळ्याला जुनी, निबर, गाठीगाठींची सूज होती. तिचा त्यांना वीस वर्षांत काही त्रास नव्हता. त्या हिवाळ्यात त्या अचानक झिजू लागल्या. जेवण दुप्पट, वजन निम्म्यावर येते की काय अशी भीती. हात थरथरत, कपातला चहा बशीत सांडे. सारे घर शेकोटीशी बसलेले असताना त्या खिडक्या उघडीत. रात्री छातीत धडधड होई. कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले मनाचे आहे. महिनाभर त्यांना झोपेच्या गोळ्या मिळाल्या. शेवटी शहरात नेल्यावर निदान झाले, की थायरॉइड उधळला आहे. शस्त्रक्रिया झाली आणि आई वाचल्या. ‘आणि त्या सबंध महिन्यांत,’ बाई म्हणाल्या, ‘आम्ही आईला बळ यावे म्हणून अधिकाधिक पाव खाऊ घालत होतो.’

त्या एकट्या नव्हत्या. १९६६-६७ मध्ये टास्मानियात अशा रुग्णांची संख्या काही पटींनी वाढली. बहुतेक चाळिशीच्या पुढचे, आणि गळ्याला जुन्या गाठी असलेले. कॉनोली, व्हिडोर आणि स्टुअर्ट या डॉक्टरांनी १९७० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा सारा प्रकार जगापुढे मांडला. कारण असे, की वर्षानुवर्षे उपाशी राहिलेल्या ग्रंथीत काही गाठी पीयूषिकेचा हुकूम मानीनाशा होतात, स्वतःच्याच मर्जीने चालतात. आयोडीन नसते तोवर त्यांचे काही चालत नाही. आयोडीन मिळाले, की लगाम नसलेल्या घोड्यासारख्या त्या सुटतात आणि रस पाझरत राहतात. जिनिव्हाच्या क्वांदे यांनी १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन देण्यास आरंभ केला, तेव्हाही काही रोग्यांत हाच प्रकार दिसून आला होता. पण तो एकेका रोग्याचा अनुभव होता. येथे सारे बेटच एका औषधाच्या मात्रेखाली आले होते.

गंमत पुढेच आहे. नोंदी बारकाईने पाहिल्या तर ही वाढ पाव बदलण्याच्या आधीच, १९६४ च्या सुमारास, सुरू झालेली दिसली. मग पाव निर्दोष म्हणायचा का? स्टुअर्ट आणि व्हिडोर यांनी माग काढला तो पुन्हा दुधापर्यंतच पोहोचला! दुग्धशाळांतून यंत्रे आणि हंडे धुण्यासाठी आयोडीन असलेली जंतुनाशके आली होती. भांडी नीट विसळली नाहीत की तेच आयोडीन दुधात उतरे. दहा वर्षांपूर्वी ज्या दुधावर आयोडीन मारल्याचा आळ होता, तेच दूध आता नकळत आयोडीन वाढून देत होते. १९७६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. साथ काही वर्षांत ओसरली, कारण ज्यांच्या गळ्यात तशा गाठी होत्या ते उपचार घेऊन बरे झाले किंवा गेले, आणि नव्या मुलांच्या गळ्यात गाठी तयारच झाल्या नाहीत.

मग पावात आयोडीन घालणे ही चूक होती का? हा प्रश्न सूनबाईने विचारला. ह्यांनी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. म्हणाले, ‘त्या आजींच्या आईपुरते विचारशील, तर तिला त्याची झळ लागली हे खरे. पण तिच्या नातवंडांपैकी कोणाचा गळा सुजलेला तू पाहिलास का?’ मला हे उत्तर पुरते पटले नाही. एका पिढीच्या दुखण्यावर दुसरीचे आरोग्य उभारताना पहिलीला निदान सांगायला तरी हवे होते, की बायांनो, छातीत धडधडू लागले तर पावाची आठवण ठेवा.

जगातल्या आणखी दोन बेटांची गोष्ट ह्यांनी ओघात सांगितली. आफ्रिकेत काँगो व रवांडा यांच्या दरम्यान किवू सरोवर आहे. त्यात इज्वी नावाचे बेट. १९६० च्या दशकात बेल्जियमच्या डेलांज, तिली आणि एरमान्स यांनी तेथे तपासणी केली. आयोडीनचा दुष्काळ साऱ्या बेटावर सारखाच होता, तरी उत्तरेकडे सुमारे निम्म्या लोकांना गलगंड, आणि नैर्ऋत्येस अगदी थोड्यांना. त्यांच्या घरी जन्मणाऱ्या काही मुलांची वाढ आणि बुद्धी दोन्ही खुंटलेली. आयोडीनची उणीव एकटी पुरत नाही, ती फक्त दार उघडून ठेवते, असा निष्कर्ष १९६८ मध्ये त्यांनी मांडला. त्या दारातून आत येणारा निघाला कसावा नावाचा कंद. नीट न भिजवलेल्या कसाव्यातून शरीरात थायोसायनेट तयार होते, आणि ते थायरॉइडला आयोडीन पकडू देत नाही. हा कंद म्हणजे आपल्या साबुदाण्याचा बाप! हे ऐकून मी चमकलेच. चातुर्मासात माझ्या घरी साबुदाणा काही कमी लागत नाही. पण साबुदाण्यासाठी कंद किसून, पिष्ट पुनःपुन्हा पाण्यात धुऊन, निथळून घेतात, त्यात ते विषारी द्रव्य बहुतांशी वाहून जाते. आणि आयोडीन पोटात पुरेसे असेल तर उरल्यासुरल्याचे फारसे चालत नाही. खिचडी बिनधास्त करावी. इज्वीवर उपाय झाला तो आयोडीन मिसळलेल्या तेलाच्या सुईने. हा उपाय १९५० च्या दशकाअखेर न्यू गिनीत प्रथम करून पाहिला गेला होता. एका सुईवर काही वर्षे निभावतात. ते तेल कशाचे? खसखशीचे! रस्त्याकडेची ती जांभळी फुले मला पुन्हा आठवली.

दुसरे बेट जपानचे होक्काइडो. तेथील किनाऱ्यावरच्या कोळ्यांना १९६० च्या दशकात गलगंड आढळला, तो आयोडीन फार झाल्यामुळे. कोंबू नावाचे समुद्रशेवाळ ते लोक रोजच भरपूर खात. म्हणजे उपाशी ग्रंथीही सुजते आणि अजीर्ण झालेलीही.

टास्मानियाची कथा १९७६ ला संपली असती तर मी हा लेख लिहिलाही नसता. झाले असे, की बेटावर आयोडीन पुरेसे आहे असे सारे धरून चालले. ते येत होते मुख्यतः दुग्धशाळांच्या जंतुनाशकांतून, हे विसरले गेले. पुढे दुग्धशाळांनी क्लोरीनची जंतुनाशके वापरायला सुरुवात केली. गळा कोणाचा दिसण्याइतका सुजला नाही, म्हणून कोणी पाहिलेही नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी शाळकरी मुलांची लघवी तपासली तेव्हा कमतरता पुन्हा उघड झाली. २००१ च्या ऑक्टोबरपासून टास्मानियातील पाववाल्यांनी स्वेच्छेने आयोडीनयुक्त मीठ वापरायला सुरुवात केली, आणि २००९ च्या ऑक्टोबरपासून साऱ्या ऑस्ट्रेलियात ते सक्तीचे झाले. सेंद्रिय पाव मात्र त्यातून वगळला आहे.

त्या मधल्या काळात ज्यांचे गर्भारपण पार पडले, अशा होबार्टच्या स्त्रियांची मुले पुढे नऊ वर्षांची झाल्यावर त्यांचे शाळेतले गुण पाहण्यात आले. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गरोदरपणी ज्यांच्यात आयोडीन कमी आढळले होते, त्यांच्या मुलांना शब्दलेखनात सुमारे दहा टक्के कमी गुण होते; व्याकरणातही कमी. ती मुले पुढे २००१ नंतरचा चांगला पाव खातच वाढली होती, तरीही. गर्भातल्या मेंदूच्या घडणीला वेळेवर जे मिळाले नाही, ते मागाहून भरून निघाले नाही, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. अशा पाहणीतून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे ह्यांनी लगेच सांगितले. पण माझे लक्ष सूनबाईकडे होते.

तिच्या मेलबर्नच्या स्वयंपाकघरात मी दीड महिना वावरले होते. डब्यात हिमालयाचे म्हणून गुलाबी मीठ, कारण ते नैसर्गिक. पाव सेंद्रिय, कारण त्यात ‘काही घातलेले नसते’. मासळी नाही. दूध सोडून बदामाचे दूध. हौसेने, पोटातल्या जिवासाठीच, एकेक गोष्ट निवडून आणलेली, आणि आयोडीनची एकेक वाट नकळत बंद झालेली! आपल्याकडे तरी दुसरे काय चालते? साधे मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ च्या मेपासून पुन्हा आली. घरी पोचणाऱ्या मिठात दहा लाखांस पंधरा भाग तरी आयोडीन असावे असा नियम आहे. पण उपासाचे सैंधव पूर्वी एकादशीपुरते निघायचे, ते आता आरोग्याच्या नावाखाली बारा महिने डब्यात जाऊन बसले आहे. माझ्या भिशीतल्या निम्म्या मैत्रिणी तेच वापरतात. आणि आयोडीनयुक्त मीठही उघड्या बरणीत, शेगडीशेजारी ठेवले तर त्यातला अंश कमी होत जातो. बरणीला झाकण हवे, आणि मीठ शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घालावे.

ह्यांनी सुनेला उपदेश केला नाही. सासऱ्याने तो करूही नये. परतल्यावर तिच्या डॉक्टरणीकडे जाताना विचारण्याच्या प्रश्नांची एक चिठ्ठी तेवढी लिहून दिली. गर्भवतीला दिवसाला अडीचशे मायक्रोग्रॅम लागते, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी रोज दीडशेची गोळी घ्यावी अशी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१० पासूनची शिफारस आहे. ज्यांना आधीपासून थायरॉइडचा विकार असेल त्यांनी मात्र आपल्या मनाने ती घेऊ नये. का, ते १९६७ सालच्या त्या माउलीच्या हकिकतीवरून वाचकांना कळलेच असेल. सुनेची गोळी सुरू झाली. पाव बदलला. गुलाबी मिठाची बरणी शोभेची म्हणून खिडकीत गेली.

एप्रिलमध्ये नात झाली. तिसऱ्या दिवशी टाचेला टोचून रक्ताचे चार थेंब कागदावर टिपून नेले. तिकडे प्रत्येक बाळाचे नेतात, आणि त्यात थायरॉइडचीही तपासणी होते. काही दोष निघाला तरच कळवतात, एरवी काही कळवत नाहीत. पंधरा दिवस ह्यांनी मुलाच्या फोनवर कान ठेवला होता. फोन आला नाही.